वाचलं, समजलं

त्या संध्याकाळी मी आईवर उगाच खेकसले, आणि खरं सांगायचं तर तिथूनच हे सगळं सुरू झालं.

पेटंटच्या अर्जाचा मसुदा मी कंपनीतून घरी आणला होता. छत्तीस पानं. माझ्या नावावर आधी सहा पेटंट होती, हे सातवं. आई जेवणाच्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, गुडघे गेले, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. मी तिच्यासमोर बसून मसुदा मोठ्यानं वाचायला लागले. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ती ऐकते, आणि मला ऐकवायला आवडतं. पन्नाशी उलटली म्हणून काय झालं, आईकडून कौतुक करून घ्यायला कुणाला नको असतं?

"हे सगळं राहू दे. माणसासारखं सांग," ती म्हणाली.

मग मी माणसासारखं सांगितलं. कॉम्प्युटरचा पडदा ठरलेल्या ठेक्यात चित्र रंगवतो, वरून खाली, सेकंदाला साठ वेळा. प्रोग्रामला नवं चित्र द्यायला जरा उशीर झाला, तरी पडदा कुणासाठी थांबत नाही. वर जुनं चित्र, खाली नवं, असं अर्धंअर्धं दाखवून मोकळा होतो. चित्र मधेच फाटल्यासारखं दिसतं. आमच्यात त्याला फाटणंच म्हणतात. माझी टीम आठ महिने प्रोग्रामच्या मागे लागली होती, पळ बाबा, अजून जोरात पळ. आणि मग शोध लागला, की प्रोग्रामला पळवायचंच नाही. पडद्यालाच सांगायचं, जरा थांब, चित्र येतंय.

"अगबाई, हे छान आहे की!" आई म्हणाली. "आणि हे सुचलं कसं गं तुला?"

"कसं म्हणजे? मी काकांच्या टेबलापाशी उभी राहून कुरकुर करत होते, तर काका म्हणाले, चित्राला कशाला पळवताय, पडद्याला थांबवा की..."

मी घाईघाईनं मसुद्याचं पान उलटलं.

आईनं सुई अस्तरात टोचून ठेवली. "म्हणजे ते काकांना सुचलं."

"तसं नसतं गं ते! बोलायला काय जातंय? चार महिने बसून करून कुणी दाखवलं? तुला यातलं काही कळत नाही, उगाच मधे बोलू नकोस!"

"नसेल कळत," ती शांतपणे म्हणाली. "कापड कुणाचं आणि शिवण कुणाची, एवढं मात्र कळतं मला."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. माझे शिंपिणीनं टोचले.

आता हे काका कोण, ते सांगते. आमच्या चाचणीच्या खोलीतले तंत्रज्ञ. सगळे त्यांना तिरपेकाका म्हणतात, कारण ते पडद्याकडे कधी सरळ बघतच नाहीत. तोंड खिडकीकडे करतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. नवीन लागलेल्यांना ते त्यांचं आडनाव वाटतं. मग त्यांच्या नावाने 'श्री. तिरपे' अशा मेल येतात आणि काका त्यांनाही नीट उत्तरं देतात. ते इंजिनियर नव्हेत. तरुणपणी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे; दुकान बंद पडलं तेव्हा कंपनीत आले.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी उभं केलं. "सरळ बघू नका, बाई. सरळ बघितलं की डोळा आपल्याला हवं तेच दाखवतो. लुकलुक बघायची तर कोपऱ्यातून." मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चाललीय. तरी मान वळवली. जो पडदा मी चार दिवस ठणठणीत म्हणून सांगत होते, तो चक्क थरथरत होता. माझी पहिली दोन पेटंट त्या थरथरीतून निघाली.

पेटंट मिळालं की कंपनी एक पितळी पाटी करते आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये लागते. शोधाचं नाव, शोधणाऱ्याचं नाव, तारीख. अशा चाळीसेक पाट्या आहेत. सगळ्या काकांनीच लावलेल्या, कारण ड्रिल त्यांच्याकडे असतं आणि त्यांच्याइतकी सरळ पाटी दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. त्यांचं नाव त्यातल्या एकीवरही नाही.

आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट न काढताच मी कपाटातून नोंदवही काढली. आमच्याकडे नियम आहे, काय सुचलं, काय केलं ते रोज बांधीव वहीत शाईनं लिहायचं, आणि पानाखाली एका साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार असा हवा, की ज्याला त्यातलं कळतं पण त्या शोधात ज्याचा वाटा नाही. तो 'वाचले, समजले' असं लिहून सही करतो. मी वर्षानुवर्षं वही घेऊन काकांकडेच जायची. त्यांचं टेबल जवळ, आणि त्यांच्या खिशाला कायम पेन.

ते पान सापडलं. माझंच अक्षर, आनंदानं वाकडंतिकडं झालेलं: 'आज मला सुचले, की प्रोग्रामला न पळवता पडद्यालाच थांबवावे.' आणि खाली त्यांचं गोल गोल अक्षर: 'वाचले, समजले.' सही, तारीख.

कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. ज्याची कल्पना, त्यालाच मी तिचा साक्षीदार केलं होतं. विसरले होते, असं म्हणता येईल. पण विसरणं फार सोयीचं असतं, आणि माझ्या डोक्यात तर आठ वर्षांपूर्वीच्या भांडणातली वाक्यंसुद्धा शाबूत असतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या होत्या मी, दुसरं काही नाही.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. आमचे साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि मी आत शिरले की खुर्चीत जरा मागे सरकतात. पेटंटच्या वकीलबाईही तिथेच बसल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळच्या आत अर्ज जायला हवा होता. सोमवारी प्रदर्शनात आमचा पडदा लोकांसमोर येणार होता, आणि एकदा लोकांनी बघितलं की पेटंट मिळणं अवघड.

मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, पण बोलता बोलता एखादं वाक्य बोलणं म्हणजे काही शोध नव्हे. काकांबद्दल आम्हालाही आदर आहे. निरोप समारंभात आपण छान घड्याळ देऊ त्यांना."

"घड्याळ? चाळीस पाट्या ठोकल्या त्या माणसानं, वेळ बघायला लावणार आहात का त्याला आता?" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार.

वकीलबाईंनी हात वर केला. कोरड्या बाई, पण मुद्द्याच्या. "हे बघा, खरा शोधकर्ता गाळला तर पेटंट उद्या कोर्टात पडू शकतं. आणि उपकार म्हणून भलत्याचं नाव घातलं, तरी पडू शकतं. आभार मानायचे असतील तर फुलं द्या. नाव घालायचं असेल तर मला पुरावा द्या. तुमचं एकटीचं तोंडी सांगणं पुरत नाही."

"मी शपथेवर सांगते."

"तुम्ही शाईनं लिहिलंय की 'मला सुचले'. आणि त्याखाली त्यांनीच सही केलीय, की वाचलं आणि समजलं. कागद तुमच्याही विरुद्ध आहे आणि त्यांच्याही. उद्या दुपारपर्यंत त्यांच्या हातचं काही, तारखेसकट, मिळालं तर आणा. नाहीतर अर्ज तुमच्या एकटीच्या नावानं जाईल, किंवा तुम्ही सही करू नका आणि मग जाणारच नाही."

तिथून सुटायला दुपारचे दोन वाजले. मी चाचणीच्या खोलीत गेले. काका खिडकीकडे तोंड करून एक पडदा तपासत होते. मी वही त्यांच्यापुढे आपटली. आपटायची नव्हती, पण माझे हात असेच आहेत.

"हे तुम्ही वाचलं होतं ना? मग सही का केलीत? म्हणाला का नाहीत, की बाई, हे मी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी पान बघितलं. चक्क सरळ बघितलं. "तुम्ही नाचत आला होता हो," ते म्हणाले. "आठ महिन्यांनी पहिल्यांदा हसताना दिसलात. नाचणाऱ्या माणसाला कुणी मधेच अडवतं का?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"सोडा हो, बाई. मी आपलं बोललो एक वाक्य. केलं सगळं तुम्हीच."

"काका, मी विचारतेय, वाईट वाटलं का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाटलं," ते म्हणाले. "चाळीस पाट्या लावल्या, बाई. प्रत्येक वेळी वाटतं, एखादी आपली असती तर नातीला आणून दाखवली असती. असं वाटणारच की माणसाला."

मला काही सुचेना. मला, जिला सुचण्याचा पगार मिळतो. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. तारीख घातलेलं, त्यांच्या हातचं काही आहे का?

"माझी कुठली वही? मी कुठे काय लिहितो?" ते म्हणाले. "चिठ्ठ्या तेवढ्या लावतो."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"मागच्या झाकणात. दुकानातली खोड. संच उघडला की काय बिघडलं होतं, काय केलं, हे चिठ्ठीवर लिहून आतल्या बाजूला चिकटवायचं. पुढच्या मेकॅनिकनं आपल्याला शिव्या घालायला नकोत."

"आणि त्या पडद्यात? ज्यावर आपण फाटण्याची चाचणी करत होतो?"

"हो, त्यातही. तुम्हाला बोललो त्याच्या आदल्या दिवशी मी करून बघितलं होतं ना. उगाच कसं बोलेन? दोन तारा डागल्या, चित्र तयार झाल्याची खूण पडद्याच्या बोर्डापर्यंत नेली. तोवर थांब म्हटलं. थांबला बिचारा. पण फार वेळ थांबवला की फिका पडत होता, म्हणून थांबायला मर्यादा घातली."

ती मर्यादा! मसुद्यात ती माझ्या नावावर सतराव्या पानावर होती. त्या दिवशी त्यांनी तीही सांगितली असणार, आणि मी अर्ध्यातून धावत सुटले असणार.

"कुठंय तो पडदा?"

काकांनी बोटानं खाली, तळघराकडे दाखवलं. बोलायची गरजच नव्हती. गेल्या महिन्यात जुने चाचणीचे पडदे भंगारात काढायच्या यादीवर मी स्वतः सही केली होती. काखेत कळसा असता तर बरं झालं असतं. मी तो स्वतःच्या हातानं भंगारात टाकला होता. भंगारवाल्याचा ट्रक त्या दुपारी तीनला येणार होता, आणि घड्याळात सव्वादोन झाले होते.

आम्ही तळघरात गेलो. साठाच्या वर पडदे, एकावर एक, सगळे काळे, सगळे सारखे. मी वरून एकेक उतरवायला लागले, आदळत, आपटत, स्वतःला शिव्या देत. काका मात्र दाराशी उभे राहिले. मग रांगेशेजारून सावकाश चालत गेले, तोंड भिंतीकडे, डोळे कोपऱ्यात.

"तो. खालून तिसरा. झाकण एका बाजूनं जरा वर आलंय. आत तारा जास्त आहेत ना, नीट बसत नाही."

तो पडदा बाहेर काढताना माझं एक नख गेलं. काकांनी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरनं चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत दोन पिवळ्या तारा, आणि झाकणाला पारदर्शक चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी. गोल गोल अक्षर. तारीख माझ्या पानाच्या आदल्या दिवसाची.

मी ती मोठ्यानं वाचली. 'चित्र उशिरा येते म्हणून फाटते. चित्र तयार होईपर्यंत पडद्याला थांबवले. फाटत नाही. दोन ठेक्यांपेक्षा जास्त थांबवू नये, फिका पडतो. हे तारांचे काम कच्चे आहे. उद्या बाईंना सांगतो. त्या पक्के करतील.'

शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. मी अंगानं आडदांड, तोंडानं फटकळ. माझ्याबद्दल इतक्या विश्वासानं कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि तेही अशा ठिकाणी, जिथे मी वाचायची शक्यताच नव्हती. मी भंगाराच्या ढिगात बसून रडले. काका माझ्याकडे न बघता, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं बघत, उभे राहिले.

"अगं पोरी, ऊठ आता," ते म्हणाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाईची पोरी झाली. "ट्रक येईल. ढिगाबरोबर तुलाही नेतील."

वकीलबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, झाकणासकट फोटो काढले, तारा बघितल्या. मग पहिल्यांदाच जराशा हसल्या. "वहीच्या पानाचं काय करायचं?" मी विचारलं. "ते तसंच राहील," त्या म्हणाल्या. "सोबत तुम्ही लिहून द्यायचं, की 'मला सुचले' हे चूक होतं आणि का चूक होतं. बघा, तुमच्या सहाही पेटंटकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतील."

"बघू देत. तिरपं बघू देत," मी म्हणाले आणि तिथल्या तिथे दीड पान लिहून दिलं. एकही शब्द गुळमुळीत ठेवला नाही. साहेबांनी वाचलं आणि ते खुर्चीत नेहमीपेक्षा जास्त मागे सरकले, पण सही केली.

शुक्रवारी दुपारी शपथपत्र काकांपुढे आलं. त्यांनी सवयीनं कागदाच्या तळाशी नजर नेली. "साक्षीदाराची जागा कुठंय?"

"साक्षीदार नाही, काका. शोधकर्ता. वर, पहिल्या ओळीत. माझं नाव तुमच्या खाली आहे."

त्यांनी पेन काढलं, परत खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "थांबा हं, हात धुऊन येतो." चांगली पाच मिनिटं ते हात धूत होते. कुणीही त्यांना घाई केली नाही. महिनाअखेरीला ते निवृत्त झाले, आणि घड्याळ मिळालं ते मिळालंच.

पेटंट मिळायला पुढे अडीच वर्षं लागली. सरकारी काम, त्याला पळवूनही उपयोग नसतो. पाटी तयार होऊन आली तेव्हा मी काकांना फोन केला, की नातीला घेऊन या. ती सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. माझी आईही आली होती, काठी टेकत, स्वतः शिवलेला नवा कोट घालून. कॉरिडॉरमध्ये पाटी आधीच लावलेली होती. मीच लावली होती, सकाळी, काकांचं जुनं ड्रिल घेऊन.

नातीनं पहिली ओळ बोट ठेवून वाचली, एकेक अक्षर लावत. मग ओरडली, "आजोबा, हे तुम्ही!" तिच्या आजोबांनी मान हलवली. मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि पाटीकडे कोपऱ्यातून बघितलं.

"वाकडी लागलीय," ते म्हणाले.

"कुठे वाकडी आहे? सरळ तर आहे!"

"डावीकडनं बोटभर खाली आहे, बाई. माझ्या नावाची पाटी आणि वाकडी? द्या तो स्क्रू ड्रायव्हर."

मी दिला. मला माहीत होतं, ते असंच म्हणणार. म्हणून तर मी मुद्दाम बोटभर खाली भोक पाडलं होतं.

त्यांनी चार स्क्रू काढले, पाटी उलटी केली. मागे एक चिठ्ठी होती, पारदर्शक चिकटपट्टीनं लावलेली, तारीख घातलेली. तोंडावर बोलायला गेले असते तर माझं नक्की भांडण झालं असतं, म्हणून लिहिलं होतं. 'आधी चुकीचे लिहिले होते, ते दुरुस्त केले. सुचले काकांना. मला बघायला शिकवले तेही काकांनीच, म्हणून आधीच्या सहा पाट्यांमध्येही ते आहेत. या माणसाची मी जन्मभर ऋणी आहे. पुढच्या मेकॅनिकला कळावे म्हणून लिहून ठेवले.'

काकांनी चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली, आणि सरळ बघत वाचली. आई माझा दंड धरून उभी होती. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, पाटी भिंतीला टेकवली, आणि माझ्या अक्षराखाली गोल गोल अक्षरात लिहिलं: 'वाचले, समजले.' सही केली, तारीख घातली.

"आता ड्रिल द्या इकडे," ते नाक पुसत म्हणाले. "आणि भिंतीला यापुढे हात लावू नका."